शेल्टरमधलं मांजर कोणत्या घरी द्यायचं? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटो बघून घर ठरवणं. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या पिल्लाचा फोटो टाकला की जळगाव, भुसावळ, पार नंदुरबारपर्यंतनं मेसेज येतात, पण अशी मांजरं बऱ्याचदा जन्मतः बहिरी असतात हे कोणी सांगतच नाही, मग हाक मारली तरी येत नाही म्हणून ते बिचारं माजोरडं ठरतं. ज्या घरात मांजर मोकळं बाहेर फिरणार तिथे असं मांजर द्यायचंच नाही, मागून रिक्षा आली तरी त्याला कळत नाही ना भो.

"आम्हाला मांजरं खूप आवडतात" यावर भाळू नका, घराचं विचारा. दुपारी कोण असतं, गच्चीचं दार उघडं राहतं का, कुत्रं आहे का. शेतावर उंदरांसाठी मांजर हवं असेल तर त्यात वाईट काही नाही, पण तिथे उंदराचं औषध टाकत असतील तर सरळ नाही म्हणा, औषध खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकतं.

शाकाहारी घर हा आपल्याकडचा नाजूक विषय. दूध-पोळीवर वाढवू म्हणतात, पण मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही आणि त्यांना लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मांस-मासळीतनं मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. पाकिटातलं कॅटफूड चालणार असेल तर द्या, फक्त त्यात चिकन-मासे असतात हे आधीच बोलून घ्या, कारण पाकीट सासूबाई नंतर वाचतातच.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात बुजरं मांजर देऊ नका. माहेरवाशिणी, त्यांची पोरं, वरून ४५ डिग्री ऊन, ते पलंगाखालून निघणारच नाही.

एरवीही नवीन घरी दोन-तीन दिवस लपतंच, एका खोलीत ठेवा, ओढून काढू नका. लपून का होईना खातंय ना ते बघा, पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा. शी-शूच्या डब्याबाहेर शू करतंय म्हणून लगेच परत आणायची घाई नको, आधी डबा साफ करा, शांत कोपऱ्यात हलवा. मात्र बोका सारखा डब्यात जाऊन बसतोय आणि लघवी होतच नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा.