तिथी पाहून निघावे : नवी मुंबईहून दोघांची हिवाळी किनारी सफर

ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून गाडीने कोकणात जायचे ठरले की बहुतेक जण नकाशा उघडून किलोमीटर मोजू लागतात. दोघांनीच, घाई न करता, आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचे असेल तर त्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे आणि त्यातली तिथी बघावी. संध्याकाळी पुळणीवर चालायला किती जागा मिळेल, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येईल का, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा उजेडात होईल का, हे सारे अंतरावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर ठरते.

यासाठी किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, तर पौर्णिमेला आणि अमावास्येला, पंधरा धरून, सव्वाअकराच्या सुमारास भरती असते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि हे चक्र रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बेत आखण्यासाठी तो पुरेसा असला तरी पाण्याजवळच्या धोक्याच्या जागी त्याच्यावर विसंबू नये. तेथे त्या दिवशीचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि गावातल्या माणसाला विचारावे.

आता हिवाळ्यातला सूर्यास्त लक्षात घ्यावा. डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाच्या दरम्यान मावळतो. अष्टमीला नेमकी त्याच वेळी भरती असते आणि किनाऱ्यावर चालण्यासाठी उरते ती सुरूच्या बनाखालची अरुंद पट्टी. याउलट एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत ओहोटीची वेळ दुपारी अडीचपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत सरकत जाते, म्हणजे रोज दुपारचे जेवण आणि थोडी विश्रांती आटोपून बाहेर पडावे तेव्हा समुद्र मागे हटलेला असतो. शिवाय पौर्णिमेजवळ उधाण असल्यामुळे पाणी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांपेक्षा बरेच लांब जाते. म्हणून मार्गशीर्ष, पौष किंवा माघ महिन्यातल्या शुद्ध एकादशीला घर सोडावे, असे मी सुचवेन. अमावास्येचा पंधरवडाही भरतीच्या दृष्टीने तसाच चालतो. फक्त चांदणे मिळत नाही. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र तिथी कितीही अनुकूल असली तरी टाळावा आणि शनिवार-रविवार शक्यतो लहान गावात काढावेत, कारण त्या दोन दिवसांत निम्मी मुंबई अलिबाग आणि काशिदला उतरलेली असते.

पहिल्या दिवशी सकाळी सातपूर्वी निघावे. ठाणेकरांनी ठाणे-बेलापूर रस्त्याने खाली येऊन पनवेल गाठावे. पळस्पे फाट्यापासून राष्ट्रीय महामार्ग ६६ म्हणजे जुना १७ सुरू होतो. कर्नाळ्याची खिंड आणि पेण मागे टाकल्यावर वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळावे. वाशीहून अलिबाग ९० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे वाटेत न्याहारी करूनही अकरापर्यंत पोहोचता येते. एकादशीची ओहोटी अडीचच्या सुमारास असल्याने दुपारी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत १६८० साली बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचे ठाणे बनलेला हा किल्ला निवांत पाहण्याजोगा आहे. तरीही पाणी परतायला लागण्यापूर्वी बाहेर पडण्याची वेळ आत शिरतानाच ठरवून ठेवावी.

पुढच्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून काशिदमार्गे मुरूडला जावे. हे अंतर जेमतेम ५० किलोमीटर आहे, आणि असेच असावे. अलिबागपासून पुढे किनाऱ्याने जाताना एका दिवसात ७० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवू नये, हा माझा आग्रह आहे. किनाऱ्याचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, गावांच्या मधून जातो, आणि घाई केली की दोघांपैकी एकाचे सगळे लक्ष समोरून येणाऱ्या एसटीकडेच राहते. तिसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहून आगरदांड्याला यावे आणि गाडीसह फेरीबोटीने दिघीला उतरावे. तेथून दिवेआगर जवळच आहे. मुक्काम तेथेच करावा; त्रयोदशीला चारच्या सुमारास ओहोटी असल्याने लांबलचक पुळण मोकळी मिळते.

फेरीबोटीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण प्रथमच जाणारे तेथे गडबडतात. शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे आणि रोख सुटे पैसे जवळ असावेत. धक्क्याच्या उतारावर ओहोटीच्या वेळी शेवाळलेला भाग उघडा पडतो, म्हणून पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न दाबता सावकाश उतरावे. सोबत्याने आधीच खाली उतरून चालत जावे. बोटीवर गाडी उभी केली की हँडब्रेक ओढून गिअर टाकून ठेवावा आणि मग खुशाल कठड्याशी जाऊन उभे राहावे. खाडीला वळसा घालून जाणारा लांबचा रस्ता वाचतो हा फायदा खराच, पण गाडी चालवणाऱ्यालाही काही मिनिटे हात मोकळे ठेवून पाणी पाहता येते, हा त्याहून मोठा.

चौथ्या दिवशी आरावीच्या किनाऱ्याने श्रीवर्धनला जावे. हा तुकडा सबंध प्रवासात सर्वांत सुंदर आहे आणि तेथे गाडी किती वेळा थांबवावी याला मर्यादा घालू नये. श्रीवर्धन हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव. तेथली रोठा सुपारीही प्रसिद्ध आहे. दुपारनंतर हरिहरेश्वर गाठावे. चतुर्दशीला ओहोटी पावणेपाचच्या सुमारास असते, म्हणून डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणा चारच्या आसपास सुरू केल्यास लाटांनी कोरलेले कातळ सावकाश पाहता येतात. या वाटेवर लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. भरती लागली असेल किंवा देवळाजवळच्या कोणी नको म्हटले, तर वाद न घालता मागे फिरावे.

पौर्णिमेच्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरावे आणि केळशीवरून आंजर्ल्याला जावे. त्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, पश्चिमेला सूर्य बुडतो आणि त्याच सुमारास पाठीमागच्या डोंगरावर चंद्र वर येऊ लागतो. सगळा बेत एकादशीपासून मोजत आणला तो या संध्याकाळसाठीच, असे म्हटले तरी चालेल. येथे दोन रात्री राहावे. मधल्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला जाऊन यावे आणि हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहावा. वेशवीजवळच्या वेळासला आणि आंजर्ल्यालाही ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला हे काम २००२ पासून सुरू केले. पिल्ले मात्र बहुधा फेब्रुवारीपासून पुढे समुद्रात सोडली जातात, तेव्हा ती पाहायची असतील तर माघ पौर्णिमा निवडावी. गाडी पुळणीवर कोणत्याही महिन्यात नेऊ नये.

मुक्कामासाठी सुपारी-नारळाच्या वाडीतली घरगुती व्यवस्था उत्तम. तेथे जेवण सांगितल्याशिवाय बनत नाही, म्हणून दुपारचे ताट सकाळी आणि रात्रीचे दुपारी सांगावे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेक घरांत महालक्ष्मीचे व्रत असते. त्या दिवशी सुरमईचा हट्ट धरू नये, उकडीचे मोदक मिळतात का ते विचारावे. अलिबाग परिसरात थंडीत पोपटी लावतात. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ घालून मडके पालथे भाजायचे, पाणी नाही की तेल नाही. यजमानांना आदल्या दिवशी विचारल्यास बहुधा आनंदाने लावतात.

कोकणातली थंडी पहाटेपुरतीच असते, दुपारी पारा तिशी सहज ओलांडतो. एक शाल, सुती कपडे, टोपी आणि वाळूत चालतील अशा चपला एवढे पुरे. दक्षिणेकडे जाताना समुद्र आणि दुपारनंतरचे ऊन, दोन्ही उजवीकडे म्हणजे चालकाच्या बाजूला येतात. त्यामुळे दोघांनाही गाडी येत असेल तर किनाऱ्याच्या तुकड्यांवर जागा बदलत राहावे, नाहीतर एकाचा उजवा हात भाजतो आणि दुसऱ्याला सगळा समुद्र चालकाच्या खांद्यावरून पाहावा लागतो. पेट्रोल पंप मोठ्या गावांतच आहेत. सीएनजीची टाकी पनवेलमध्येच भरून घ्यावी आणि पुढे पेट्रोलची तयारी ठेवावी.

परतताना किनारा सोडून दापोलीहून खेडला महामार्ग धरावा. माणगाव आणि इंदापूरला वाहने तुंबतात, म्हणून रविवारी दुपारी तेथून जाण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. पहाटे निघून सकाळीच तो भाग ओलांडावा. घरी पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवून घ्यावी, कारण खाऱ्या हवेने आणि बोटीवर उडालेल्या पाण्याने गंज आधी तेथेच धरतो.