ऑनलाइन इंग्लिशच्या तासाला मुलं बोलती कशी करायची

तासाला तीस-चाळीस जण हजर, सगळ्यांचे कॅमेरे बंद, आपण विचारतो "एनी क्वेश्चन्स?" आणि पलीकडे शांतता. मग मुलांना इंटरेस्टच नाही असं आपण ठरवून मोकळे होतो, पण माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा भीती असते. बारावीपर्यंत इंग्लिशचे पेपर लिहून पास झालेल्या मुलाला इतक्या जणांसमोर माइक ऑन करून चुकायचं नसतं, बस. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात 'अफेक्टिव्ह फिल्टर' म्हणून जे मांडलं ते हेच, की मनात धास्ती असली की भाषा कानावर पडते पण आत मुरत नाही. म्हणून क्लासची आखणी करताना मी आधी ही धास्ती कशी कमी होईल ते बघते, ग्रामर नंतर.

सुरुवात चॅटपासून करा. एक सोपा प्रश्न टाका, "काल सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" आणि सांगा की उत्तर इंग्लिशमध्ये टाइप करा पण एंटर दाबू नका, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम. एका सेकंदात उत्तरांचा पाऊस पडतो, पहिलं कोणालाच बोलावं लागत नाही, आणि त्यातल्याच एखाद्याला "तू 'बस स्टॉप' लिहिलंयस, काय झालं?" असं विचारलं की तो बोलतो, कारण सांगायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

मग ब्रेकआउट रूम, म्हणजे मीटिंगमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्या. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पाच-सहा जणांना आत सोडून "डिस्कस करा" म्हटलं की दोघं बोलतात आणि बाकीचे वाट बघत बसतात. तिघंच ठेवा, वेळ सहा-सात मिनिटं, आणि काम असं द्या की एकमेकांना विचारल्याशिवाय ते होणारच नाही. मी भाड्याच्या खोलीचं काम देते: एकाकडे भाडं आणि पत्ता, दुसऱ्याकडे घरमालकाचे नियम, तिसऱ्याकडे भाडेकरूच्या अटी, कागद एकमेकांना दाखवायचे नाहीत, शेवटी खोली घ्यायची की नाही ते शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये एका ओळीत लिहायचं. मग "इज देअर एनी डिपॉझिट?" हा प्रश्न आपोआप येतो, धड्यातून पाठ करून नाही.

परत मेन रूममध्ये आलात की प्रश्न विचारून थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब नि बरी येतात, आणि ते समोरासमोरच्या वर्गात. इथे वर नेटचा लॅग आणि अनम्यूट करायचा वेळ, म्हणून मी मनात आठपर्यंत मोजते. जड जातं, पण मोजा.

बोलताना मध्येच चूक दुरुस्त करू नका प्लीज. वहीत लिहून घ्या आणि शेवटची पाच मिनिटं त्यातली चार वाक्यं नाव न घेता स्क्रीनवर टाका, ती मुलांनाच सुधारू द्या. कॅमेऱ्याची सक्ती पण नको, एखाद्याच्या घरी खोली एकच असते, नेट पुरत नाही, त्याला व्हॉइस नोट पाठवू द्या.

विषय निवडायचं थोडं तरी मुलांच्या हातात द्या. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत माणूस मनापासून काम करायला तीन गोष्टी लागतात, आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आणि आपलेपणा. पहिल्या आठवड्यातच विचारा, दोन वर्षांनी इंग्लिश नेमकं कुठे लागणार? कोणी इंटरव्ह्यू म्हणेल, कोणी रिसर्च पेपर, कोणी क्लायंटचा कॉल, आणि पुढची कामं त्यावरूनच काढा.

जमतंय हे मुलांना कळण्यासाठी मार्कांपेक्षा रेकॉर्डिंग बरं. पहिल्या आठवड्यात एक मिनिटाची क्लिप घ्या, कशावरही, जपून ठेवा, आठव्या आठवड्यात त्याच विषयावर परत घ्या आणि दोन्ही त्याची त्यालाच ऐकवा. पहिल्या क्लिपमध्ये दर तीन शब्दांनी "अंऽऽ" असतं, दुसरीत ते कुठे कमी झालं ते तो स्वतःच दाखवतो.