पोस्टफिक्सवर वापरून फेकायचे ईमेल पत्ते

दर साइटला वेगळा पत्ता द्यायचा आणि एखाद्यावर कचरा यायला लागला की तेवढाच बंद करायचा. मेल सर्व्हर स्वतःचा असेल आणि तो पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर यासाठी वेगळी सेवा लागत नाही. खाली सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत; फाइलमध्ये ती रोमनमध्येच टाइप करा.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रेसिपियंट_डिलिमिटरमध्ये (नाव आणि त्यापुढची जोड वेगळी करणारं चिन्ह) अधिकचं चिन्ह देणं. मग समजा तुमचा खरा पत्ता मीना@ असेल, तर मीना+वीजबिल या पत्त्यावरची मेल मीनाच्याच पेटीत पडते. पण कितीतरी फॉर्म हे चिन्ह नाकारतात, आणि + पासून पुढचं कापलं की खरा पत्ता हातात येतो. आवृत्ती २.११ पासून इथे डॅशही जोडीला देता येतो. त्याने फॉर्मचा प्रश्न सुटतो, दुसरा तसाच राहतो. सगळंच स्वीकारणारा कॅच-ऑल तर नकोच. माहिती@, विक्री@, अ‍ॅडमिन@ अशी अंदाजाने नावं ठोकणारे स्पॅमर रोज येतात, आणि त्यांची प्रत्येक मेल आत येते.

त्यापेक्षा वेगळं सबडोमेन घ्या, समजा टपाल.उदाहरण.इन. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींची यादी) त्याचा एमएक्स, म्हणजे मेल कुठे पोचवायची ते सांगणारी नोंद, मेल सर्व्हरच्या नावाकडे वळवा. ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) नको, त्याला थेट ए रेकॉर्ड (आयपी पत्ता देणारी नोंद) हवा. हे सबडोमेन व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्समध्ये (ज्यांची मेल दुसऱ्या पत्त्यांवर वळवायची ती डोमेन्स) लिहा. मायडेस्टिनेशनमध्ये (ज्यांची मेल याच सर्व्हरवर ठेवायची ती डोमेन्स) तेच पुन्हा लिहू नका, नाहीतर पोस्टफिक्स लॉगमध्ये कुरकुरत राहतो.

आता व्हर्च्युअल_अलायस_मॅप्समध्ये (कोणता पत्ता कुठे वळवायचा ती यादी) एक पीसीआरई फाइल, म्हणजे पत्ते नमुन्याने (पॅटर्नने) जुळवणारी फाइल, जोडा (डेबियनवर पोस्टफिक्स-पीसीआरई हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं). तिच्यात एकच ओळ पुरते:

/^[^@]+-केडी७@टपाल\.उदाहरण\.इन$/ मीना@उदाहरण.इन

केडी७ ही तुमची खूण. अंदाजाने सापडणार नाही अशी काहीही ठेवा. आता वीजबिल-केडी७, लग्नजुळणी-केडी७ असे पत्ते जागच्या जागी, दुकानाच्या काउंटरवरसुद्धा बनवता येतात. सर्व्हरला हात लावायची गरज नाही. खूण नसलेली मेल पोस्टफिक्स दारातूनच परत पाठवतो. टिंबांआधीचा उलटा स्लॅश आणि शेवटचा $ विसरू नका, नाहीतर नको ते पत्तेही जुळतात. पोस्टमास्टरसाठी मात्र स्वतंत्र ओळ घाला, तो पत्ता चालू असावा असा नियमच आहे.

पीसीआरई फाइलवर पोस्टमॅप (याद्या पोस्टफिक्सला वाचता येतील अशा बनवणारी आज्ञा) चालवावा लागत नाही, पोस्टफिक्स रीलोड पुरतो. तपासायला पोस्टमॅप -क्यू, मग पत्ता, मग पीसीआरई: आणि फाइलचा मार्ग. उत्तरात मीनाचा पत्ता आला नाही तर चूक पॅटर्नमध्येच शोधा.

पत्ता बंद करायला दुसरी, साधी यादी ठेवा. तिच्यात पत्ता, आणि त्यापुढे ५५० ५.१.१ (असा पत्ता नाही, असं पाठवणाऱ्याला सांगणारा कोड) व थोडा मजकूर. ही यादी हॅश प्रकारची ठेवा; तिच्यावर दर बदलानंतर पोस्टमॅप चालवावाच लागतो. नव्या लिनक्स वितरणांत हॅश नसेल तर एलएमडीबी हा दुसरा प्रकार वापरा, पोस्टकॉन्फ -एम उपलब्ध प्रकार दाखवतो. ही यादी एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्समध्ये (कोणत्या पत्त्याची मेल घ्यायची याचे नियम, वरून खाली तपासले जाणारे) चेक_रेसिपियंट_अ‍ॅक्सेस म्हणून सगळ्यात वर घाला. परमिट_मायनेटवर्क्स (स्वतःच्या नेटवर्कवरची मेल सोडणारा नियम) तिच्या वर राहिला, तर सर्व्हरवरूनच चाचणी करताना बंद केलेला पत्ताही चालू दिसतो आणि उगाच डोकं खाजवत बसावं लागतं. यादीत ५५० ऐवजी डिस्कार्ड (मेल गुपचूप फेकणं) वापरू नका: पाठवणाऱ्याला मेल पोचली असं वाटतं आणि तो पाठवतच राहतो. ५५० मिळाला तर निदान शिस्तीचे प्रेषक नाव काढतात.

कोणता पत्ता फुटला हे मेलमधल्या 'प्रति' ओळीवरून ठरवू नका. स्पॅममध्ये तिथे भलतंच असतं. लॉगमधला ओरिग_टू, म्हणजे मेल मुळात ज्या पत्त्यावर आली तो, पाहा.

उत्तर देताना मीना@ गेला की सगळी मेहनत पाण्यात. थंडरबर्डमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता त्या मेलपुरता बदलता येतो. मात्र सर्व्हरवर रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच (लॉगिनशी न जुळणारा प्रेषक-पत्ता नाकारणारा नियम) लावला असेल, तर एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्समध्येही हाच पॅटर्न मीनाच्या लॉगिन-नावाशी जोडावा लागतो. आणि मूळ डोमेनचा एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणारी डीएनएस नोंद) सबडोमेनला लागू होत नाही. सबडोमेनचा रेकॉर्ड वेगळा टाका.