वाड्याच्या विटांच्या दरजा चुन्याने भरताना

देशावरच्या जुन्या वाड्यांची घडण बहुतेक ठिकाणी सारखीच: काळ्या दगडाचे जोते, खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा आणि चुन्यात रचलेल्या चपट्या विटांची भिंत. दुरुस्तीत तिचा घात करते ते सिमेंट. ते या मऊ विटेपेक्षा कठीण असते आणि ओल अडवून धरते. अडलेली ओल मग विटेतून बाहेर पडते, खार विटेतच साठतो आणि विटेचे तोंड पापुद्र्यांनी गळू लागते. झिजायचे काम विटांमधल्या सांध्याचे, म्हणजे दरजेचे. ती पुन्हा भरता येते.

आधी ओल कुठून येते ते शोधा. फुटकी पन्हळ, सरकलेली कौले तर असतातच. पण अंगणात फरशी टाकत टाकत पातळी जोत्याच्या माथ्याला भिडली असेल, तर ती निदान १५ सेंमी खाली न्या. नाहीतर पुढची सारी मेहनत वाया.

कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना लोखंडी पिंपातल्या पाण्यात थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, तो उसळतो. प्लास्टिकची बादली वितळेल. डोळ्यांना चष्मा हवाच. विरलेला चुना गाळून तीन आठवडे तरी पाण्याखाली मुरवा.

माप घमेल्याचे: १ चुना, १ सुरखी (विटेची भुकटी), २ चाळलेली धुतलेली वाळू. सुरखी चांगल्या लाल विटेचीच कुटा. जास्त भाजलेल्या काळपट खंगराची भुकटी चुन्याशी नीट बांधत नाही. मिश्रण चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाने चुना मळायच्या चरात) मळा, घाणी नसेल तर घोटून घोटून. पाणी जितके कमी तितक्या भेगा कमी. गूळ, बेलफळ, हिरडा घालायची जुनी रीत आहे खरी, पण न मुरलेल्या चुन्याची कसर गुळाने भरून निघत नाही.

दरज छिन्नी-हातोडीने उकरा, २० ते २५ मिमी खोल. ग्राइंडर नको, विटांच्या कडा जातात. धूळ झाडून भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा. कोरडी वीट चुन्यातले पाणी शोषून घेते आणि भर भुसभुशीत राहते. एका वेळी १० मिमी इतकाच थर दाबून भरा, तो आवळला की पुढचा. दरज विटेच्या तोंडापासून किंचित आत ठेवा.

काम नोव्हेंबर ते जानेवारीत काढा. निदान १० दिवस ओले गोणपाट टांगून ठेवा. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. मे महिन्याच्या उन्हात तो आधी सुकतो आणि तडकतो.