पेठेतल्या गल्लीचे घर नंबर शोधायला निघण्यापूर्वी

आपल्या गल्लीतल्या कुठल्या घराला कधी कुठला नंबर होता हे शोधायचं असेल, तर पहिली तयारी डोक्यातली. पुण्याच्या पेठांत घराचा नंबर रस्त्याचा नसतो, पेठेचा असतो. भारत इतिहास संशोधक मंडळाचा पत्ता १३२१, सदाशिव पेठ. तो पेठेतला तेराशे एकविसावा, मंडळाच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. लक्ष्मी रोडवरून चालत गेलात तर पत्ते नारायण, सदाशिव, बुधवार, रविवार असे पेठा बदलत जातात आणि आकडे मध्येच उड्या मारतात. त्यामुळे 'माझ्या गल्लीतले नंबर १ पासून कधी सुरू झाले' हा प्रश्न घरीच ठेवून निघा. गल्लीच्या दोन बाजू दोन पेठांत आहेत का, एवढं मात्र आधी पाहून घ्या.

मग एक जाडजूड वही घ्या. प्रत्येक घराला आडवं पान, आणि त्यावर रकाने: वाड्याचं नाव, जुना म्युनिसिपल घर नंबर, आजचा घर क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, आणि ही माहिती कुठून मिळाली ते. सिटी सर्व्हे नंबर जमिनीच्या तुकड्याचा, घर नंबर घरपट्टीचा. दोन्ही खाती वेगळी, पण बोलताना लोक दोन्हींना 'घर नंबर'च म्हणतात. कागदावर नुसता आकडा असेल तर तो कुठल्या रकान्यातला हे कळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहा. वाड्याच्या नावाचा रकाना रुंद हवा, कारण नावंही बदलतात. ५६८, नारायण पेठ हा आज केसरी वाडा. टिळकांनी घेण्यापूर्वी तो गायकवाड वाडा होता.

गल्लीत सकाळी जा. तिरपं ऊन असताना चौकटीवरच्या रंगाखालचे जुने आकडे उठून दिसतात. फोटो काढा, पण दारावरचा प्रत्येक आकडा घर नंबर नसतो. जनगणनेची माणसं घरं मोजताना गेरूने किंवा खडूने आकडा टाकून जातात, मीटरचा वेगळा, मतदारयादीचा वेगळा. मी एका कोनाड्याजवळच्या आकड्यावर दोन शनिवार घालवले होते. तो जनगणनेचा निघाला. हाताने लिहिलेले १ आणि ९ नीट पाहा, एवढ्यावरून अख्खी रांग चुकते.

१३७७-७८, शुक्रवार पेठ असा जोडनंबर दिसला (केळकर संग्रहालयाचा पत्ता असाच आहे), तर तिथे दोन मिळकती एकत्र आल्या असाव्यात. नंबरानंतर तिरकी रेघ आणि १, २ किंवा अ, ब असेल तर बहुधा उलटं, वाटणी झालेली. दोन्हींच्या तारखा शोधायच्या आहेत, म्हणून त्या घरांवर खूण करून ठेवा.

कचेरीत जाताना सिटी सर्व्हे नंबर सोबत असू द्या, नुसत्या नावावर कुणी कपाट उघडत नाही. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागाच, पण खरा माल चौकशी नोंदवहीत असतो: पहिल्या मोजणीच्या वेळी कोण ताब्यात होतं, कशाच्या आधारे. दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे खरेदीखतं नोंदवतात त्या कचेरीत, सूची क्रमांक २ मिळकतीवरून लागते, क्रमांक १ माणसांच्या नावावरून. खरेदीखतातली चतुःसीमा उतरवून घ्यायला विसरू नका. 'पूर्वेस अमक्यांचा वाडा, दक्षिणेस बोळ' या एका ओळीने नंबर नसलेलं घरही जागेवर बसतं. फार जुने कागद मोडी लिपीत असतील, वाचणारं माणूस आधीच ठरवा. शुक्रवार पेठेला विसापूर आणि सोमवार पेठेला शहापूर अशीही जुनी नावं होती, तीही वहीच्या पहिल्या पानावर असू द्यात.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे जुनी पुस्तकं. १८६७ च्या कायद्यापासून, तो २०२४ मध्ये रद्द होईपर्यंत, पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण द्यावं लागायचं. छापखाने पेठांतल्या वाड्यांतच होते, त्यामुळे शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात कित्येकदा घर नंबर सापडतो, आणि शेजारी छपाईचं साल! नगर वाचन मंदिरासारख्या १८४८ पासूनच्या ग्रंथालयात एकाच छापखान्याची वीस-तीस वर्षांची पुस्तकं काढून बसा. नंबर कुठल्या सालापर्यंत एक होता आणि कधी दुसरा झाला, ते दुपारभरात दिसू शकतं. लग्नपत्रिका, पावत्या आणि पोस्टकार्डंही चालतील. सहा आकडी पिन असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. छापील पत्त्यात नुसतं 'पुणे ३०' असा जुना टपाल विभागाचा आकडा असेल तर बहुधा आधीचा, पण जुनी सवय सुटत नाही, म्हणून त्यावर फार विसंबू नका. 'म्युनिसिपालिटी'चा शिक्का असेल तर १५ फेब्रुवारी १९५० ला महानगरपालिका झाली हे लक्षात ठेवा.

गल्ली नदीकडची असेल तर म्हाताऱ्या माणसांना आधी १२ जुलै १९६१ बद्दल विचारा. त्या दिवशी पानशेत धरण फुटून आलेल्या पाण्यात घरं गेली, कागद गेले, माणसं सहकारनगर-लोकमान्यनगरला गेली. मूळ खरेदीखत आज तिकडच्या एखाद्या कपाटात असू शकतं, म्हणून वहीच्या मागच्या पानावर गल्ली सोडून गेलेल्यांचे पत्ते लिहायला जागा ठेवा.