डच वाक्यात नकार कुठे बसतो

डच वाक्य नकारार्थी करताना आधी शब्द निवडावा आणि मगच त्याची जागा ठरवावी. शब्द मुख्यतः दोन आहेत, 'खेन' आणि 'नीट' (हा उच्चार मराठी कानाला ओळखीचा वाटला, तरी अर्थ 'नाही' असाच आहे). ज्या नामाचा नकार करायचा ते अनिश्चित असेल, म्हणजे त्याच्या आधी 'अन' हे उपपद असेल किंवा कोणतेच उपपद नसेल, तर 'खेन' वापरतात. 'इक हेप अन फीट्स' (माझ्याकडे सायकल आहे) याचे 'इक हेप खेन फीट्स' होते, आणि 'इक ड्रिंक कोफी' याचे 'इक ड्रिंक खेन कोफी'.

एरवी 'नीट' येते, आणि खरी अडचण त्याच्या जागेची आहे. त्यासाठी नियमांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा मराठी भाषकाने गौण वाक्यापासून सुरुवात करावी, कारण तेथे डच क्रियापद आपल्यासारखेच शेवटी जाते: 'ओमडाट इक हेट बूक नीट लेस', म्हणजे 'कारण मी ते पुस्तक वाचत नाही'. येथे 'नीट' क्रियापदाच्या लगेच आधी, आपल्या 'न वाचता' मधल्या 'न'च्या जागी बसले आहे. मुख्य वाक्य करताना हाच क्रम मनात धरावा आणि कर्त्यानुसार बदलणारे क्रियापद तेवढे उचलून दुसऱ्या स्थानी ठेवावे. 'नीट' जागचे हलवू नये. 'इक लेस हेट बूक नीट' या वाक्यात ते शेवटी दिसते, ते क्रियापद पुढे निघून गेल्यामुळे. 'इक हेप हेट बूक नीट खलेझन' (मी ते पुस्तक वाचलेले नाही) यात फक्त 'हेप' पुढे गेले, म्हणून 'नीट' पुन्हा 'खलेझन'च्या आधी सापडते.

दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक. वाक्य 'फान्डाख' (आज) ने सुरू केले, तर कर्ता क्रियापदानंतर जातो: 'फान्डाख लेस इक हेट बूक नीट'.

मराठीची सवय नडते ती विधेय विशेषण आणि स्थळ यांच्या बाबतीत. आपण 'शहर मोठे नाही' म्हणतो, पण डचमध्ये 'नीट' विशेषणाआधी येते: 'ड स्टाट इस नीट ख्रोट'. तसेच 'इक वोन नीट इन उट्रेख्ट', म्हणजे 'मी उट्रेख्टमध्ये राहत नाही'. एखाद्याच घटकाचा नकार करून दुसरा पुढे करायचा असेल, तर मात्र वरची रीत सोडून 'नीट' त्या घटकाच्या आधी आणावे: 'इक लेस नीट हेट बूक, मार ड क्रान्ट', म्हणजे 'मी पुस्तक नव्हे, वर्तमानपत्र वाचतो'.