वॉशिंग मशीनचा आवाज : निदान करताना या चुका टाळा

आवाज किती मोठा, यावरून दोष कळत नाही. तो कधी येतो ते पाहा: पाणी भरताना, कपडे घुसळताना, पाणी बाहेर टाकताना की पिळताना? आधी रिकाम्या मशीनवर नुसतं स्पिन लावा. आवाज गेला तर दोष कपड्यांच्या भाराचा. भिजलेली एकटी गोधडी टबच्या एका बाजूला गोळा झाली की चांगलं मशीनही थडथडतं. तिच्यासोबत दोन टॉवेल टाका, भार वाटला जातो.

रिकामं असतानाही थडथड येत असेल तर खालची फरशी बघा. नाशिकमध्ये गंगापूर रोड असो की सिडको, फ्लॅटमध्ये मशीन बहुतेक ड्राय बाल्कनीत असतं आणि तिथल्या फरशीला जाळीकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. पायाखाली पुठ्ठा किंवा जुन्या चपलेचा तुकडा सरकवणं ही नेहमीची चूक. तो चार धुण्यांत दबतो. वर पाणसळ ठेवून पाय कमी-जास्त करा आणि मग पायावरचा लॉकनट वर, मशीनच्या बुडाला टेकेपर्यंत घट्ट आवळा. नट ढिला राहिला तर पाय परत फिरतो.

नवं फ्रंट लोड पहिल्याच दिवशी बाल्कनीभर चालायला लागलं, तर मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, काढायचे राहिलेत. काढा आणि जपून ठेवा, घर बदलताना लागतील.

पाणी बाहेर पडताना खडखड किंवा गुरगुर आली तर पंप उघडून बघा. नोटा नाशिकरोडला छापतात, पण मशीनला छळतात ती नाणी. फ्रंट लोडच्या खालच्या झाकणामागे फिल्टर असतो. प्लग काढा, पाणी कोमट होऊ द्या, खाली परात ठेवा आणि फिल्टर हळूहळू सैल करा. एकदम उघडाल तर बाल्कनी धुऊन निघेल. आतला पंखा बोटाने फिरवताना अडत-अडत फिरतो. तो चुंबकामुळे, बिघाड नव्हे.

सगळ्यात महागडी चूक बेअरिंगची. पिळताना वेगासोबत वाढत जाणारी घरघर हे त्याचं लक्षण. प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा आणि कान द्या. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. बाहेरच्या टबसकट सगळं झुललं तर ठीक, ते स्प्रिंगवर टांगलेलंच असतं. पण टब जागेवर राहून आतला ड्रमच खटखट हलला, तर बेअरिंग गेलं किंवा ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा सांगाडा, म्हणजे स्पायडर, तडकला. स्पायडर तडकला असेल तर मशीन त्याच दिवशी बंद करा.

इथे अनेक जण मागून तेल मारतात. उपयोग शून्य. बेअरिंग बिघडतं ते बहुधा ऑइल सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, झिजून पाणी आत शिरल्यामुळे. टबच्या मागे तांबूस ओघळ दिसले तर तेच झालंय. दोन्ही बेअरिंग आणि सील एकत्रच बदला. जुनं सील ठेवून पैसे वाचवले तर नवं बेअरिंगही तसंच गंजेल. कामाला हो म्हणण्याआधी टब स्क्रूचा आहे की वेल्ड केलेला, ते विचारा. वेल्ड असेल तर बहुतेक वेळा पूर्ण टबच बदलावा लागतो आणि तो खर्च जुन्या मशीनवर करावा का, हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

टॉप लोडमध्ये टब हाताने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक; उड्या मारत राहिला तर टबला तोलून धरणारे सस्पेन्शन रॉड थकलेत. चारही एकदम बदला.

पाणी भरताना नुसतीच गुणगुण आणि धार बारीक? इनलेट पाइपच्या तोंडाची जाळी बुजली असेल. नळ बंद करून ती पकडीने ओढून काढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. टाकीखालच्याच मजल्यावर राहत असाल तर पाण्याचा दाबही मुळातच कमी असतो.

सेमी-ऑटोमॅटिकचं झाकण उघडल्यावर ड्रायर किंचाळत थांबत असेल तर ब्रेकची वायर किंवा ब्रेक शू बघा, मोटार नाही.